लिंडा मार डायरी: सेशन २८ ते ३४, मे महिन्याने केलेला पोपट

लिंडा मार म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळ पॅसिफिकाचा समुद्रकिनारा, तिथल्या माझ्या सर्फिंगची ही डायरी. मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की आता उन्हाळा येतोय, वेटसूटचा हूड आणि बूट माळ्यावर टाकते. तर ते माळ्यावरून परत काढलेत.

माझं डोकं वेंगुर्ल्यात घडलंय, तिथे मे म्हणजे समुद्राचं पाणी २९-३० डिग्री, न्हाणीघरात विसाण घातल्यासारखं, आई हाका मारून थकायची तरी आम्ही बाहेर यायचो नाही. इथे कॅलिफोर्नियात उलटा कारभार. एप्रिल-मे मध्ये पाणी सगळ्यात गार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यातल्या त्यात उबदार, म्हणजे १४-१५, फार तर १६. हे वाचलेलं होतं पण अंगाला कळलं नव्हतं.

सेशन २८, एप्रिलचा शेवट. घरी सॅन मटेओला २६ डिग्री, कडक ऊन, म्हटलं आज ३/२ वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी सूट, छाती-पोटाला ३ मिमी, हातापायाला २) पुरे, बूट नकोतच. अर्ध्या तासावर पॅसिफिकाला पोचले तर वारा असा की गाडीचं दार धरून उघडावं लागलं. पाणी ५१ फॅरनहाइट, म्हणजे साडेदहा. पहिल्या फेसाखाली डोकं गेलं आणि कपाळात बर्फाचा गोळा खाल्ल्यासारखी कळ आली. २५ मिनिटांत पाय आपले आहेत की बोर्डचे ते कळेना, उभी राहायला गेले की पाऊल कुठे पडलं तेच समजत नाही. बाहेर आले तर बोटं आखडलेली, गाडीची किल्ली फिरेना, शेजारच्या गाडीतल्या काकांनी फिरवून दिली. इज्जतीचा फालुदा.

मग घरी येऊन नीट वाचलं. आपण शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केलेले, पण इथला खेळ तिसऱ्याच वाऱ्याचा. वसंतात वायव्येकडून किनाऱ्याला समांतर वारा सुटतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे भर समुद्रात ढकललं जातं, आणि त्याची जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं. म्हणून तीन दिवस जोराचा वारा झाला की चौथ्या दिवशी ऊन कितीही असो, पाणी बर्फ. तेव्हापासून मी हवामानाचं अ‍ॅप बघणं सोडलंय. बघते तो नोआचा (अमेरिकेची समुद्र-हवामान संस्था) ४६०२६ नंबरचा बोया, म्हणजे समुद्रात तरंगतं मोजमापाचं यंत्र, सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला साधारण १८ सागरी मैलांवर आहे, आणि त्याच्यावर मागच्या तीन दिवसांचा वाराही दिसतो. किनाऱ्यावरचं पाणी एखादी डिग्री इकडेतिकडे असतं पण अंदाज येतो.

सेशन ३०: पाणी तेच ११ च्या आसपास, पण यावेळी स्वतःचा ४/३ (छाती-पोटाला ४ मिमी, हातापायाला ३), ३ मिमीचे बूट, हूड. तब्बल १ तास २० मिनिटं! आणि खरी गंमत जाडीपेक्षा फिटिंगमध्ये आहे बरं का. आधीचा भाड्याचा सूट कंबरेत ढगळ होता, प्रत्येक लाटेला मानेतून गार पाण्याचा लोट पाठीवर. निओप्रीनमधले गॅसचे बारीक बुडबुडे ऊब धरून ठेवतात, आत शिरलेलं थोडं पाणी अंगाने तापतं, पण ते सारखं बदलत राहिलं तर तापणार कधी? नवा सूट कोरडा असताना गुदमरायला होतं इतका घट्ट आहे, घालायला १० मिनिटं लागतात (पायात प्लास्टिकची पिशवी घालून मग पाय सरकवा, सुर्रकन जातो). मानेला व्हॅसलिन लावा नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्कार्फ गुंडाळून बसाल.

वेटसूट याच भागात जन्मला यात नवल नाही म्हणा, बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीनचा सूट केला, आणि जॅक ओनील यांनी १९५२ ला सॅन फ्रान्सिस्कोत सर्फचं दुकान काढलं. त्याआधीचे लोक काय घालून जायचे देव जाणे.

३१ आणि ३२ मध्ये सांगण्यासारखं काही नाही, लाटा नव्हत्या.

सेशन ३३: दोन दिवस वारा पडलेला, पाणी १३, हूड काढला. कान मोकळे झाले की पाठून येणारी लाट ऐकू येते, त्या दिवशी तीन लाटा हिरव्या असतानाच, म्हणजे फुटायच्या आधी, पकडल्या. लगेच शेफारून ३४ ला पण हूड घरी ठेवला, पाणी तेच १३ पण वारा परत सुटलेला, आणि बोर्डवर बसून ओलं डोकं वाऱ्यात धरलं की पाण्याचा आकडा काय कामाचा. ४० मिनिटांत गुंडाळलं.

ऑगस्टमध्ये सॅन डिएगोला चाललोय, तिथे पाणी २० च्या वर असतं म्हणे त्यावेळी. ३/२ न्यायचा की नुसती अर्ध्या बाह्यांची स्प्रिंगसूट भाड्याने घ्यायची, गेलेल्यांनी सांगा. आणि हातमोजे कोणी वापरतं का इथे? पॅडल करताना हातात पाणी भरून जड होतात असं ऐकलंय, पण किल्ली परत त्या काकांकडे द्यायची नाहीये मला.

आज सकाळी बोया ५३ फॅरनहाइट. रविवारी सेशन ३५, हूडसकट.