न मोजलेले साठ मीटर

जलसर्वेक्षकाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटते, आणि खरे सांगायचे तर ते बरेचसे कंटाळवाणेच असते. बोट एका रेषेत न्यायची, वळवायची, शेजारच्या रेषेत परत आणायची, इको साउंडरवर खोली नोंदवायची, भरती-ओहोटीचा हिशेब वजा करायचा आणि मग तो आकडा चार्टवर मांडायचा. गोव्यातील राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत शिकत असताना आमचे एक प्रशिक्षक म्हणत असत की, चार्टवरचा आकडा खोटा असेल तर तो कागदावर कधीच सापडत नाही, जहाजाच्या तळालाच सापडतो. नौदलातील माझ्या नोकरीत हे वाक्य मी माझ्या हाताखालच्या मुलांना अनेकदा ऐकवले. २०१९ च्या नोव्हेंबरात काकिनाड्याच्या किनाऱ्यावर ते मलाच ऐकावे लागले. आता मी निवृत्त आहे आणि ज्या आकड्यांना आज काही महत्त्व उरलेले नाही तेवढेच येथे ढोबळपणे देत आहे.

भारत आणि अमेरिका यांच्या तिन्ही दलांचा पहिला संयुक्त सराव, ‘टायगर ट्रायम्फ’, त्या महिन्यात १३ ते २१ तारखेदरम्यान झाला. पहिला टप्पा विशाखापट्टणम बंदरात आणि दुसरा काकिनाड्याजवळच्या समुद्रात होता. आपल्याकडून जलाश्व, ऐरावत आणि संधायक ही जहाजे आणि लष्कराच्या तुकड्या होत्या. अमेरिकेकडून ‘जर्मनटाउन’ हे जहाज आणि त्यांच्या तिसऱ्या मरीन डिव्हिजनचे सैनिक आले होते. सरावाचा विषय युद्ध नव्हता, आपत्तीनंतरची मदत हा होता. परंतु किनाऱ्याला तुमचा हेतू कळत नाही. तांदळाची पोती उतरवायची असोत की रणगाडा, बोटीला लागणारे पाणी तेवढेच असते.

जलाश्व मुळात अमेरिकी नौदलाचे ‘ट्रेंटन’. १९७१ मध्ये ते त्यांच्या सेवेत आले आणि २००७ मध्ये आपल्याकडे. त्याच्या पोटात पाणी घेता येते आणि तेथून मालवाहू लँडिंग क्राफ्ट थेट समुद्रात बाहेर पडतात. अशी सपाट बुडाची क्राफ्ट किनाऱ्याकडे येते, नाक वाळूत टेकवते, समोरचा रॅम्प खाली पाडते आणि गाड्या व माणसे उतरतात. तिच्या नाकाखाली मीटरभराहून थोडे अधिक पाणी लागते. म्हणून ती नेमकी कोठे टेकेल आणि टेकल्यावर पुढे किती पाणी असेल, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी हवी असतात. ती देणे हे माझे काम होते.

त्या किनाऱ्याचे सर्वेक्षण आम्ही ऑक्टोबरात केले होते. विशाखापट्टणमच्या बैठकीत मी किनाऱ्याचा उभा छेद पडद्यावर दाखवला. कोरड्या वाळूपासून सुरू होणारी, समुद्राकडे सावकाश उतरत जाणारी ती एक सुंदर रेषा होती. लष्कराच्या तुकडीचे एक सुभेदार साहेब पुढच्या रांगेत बसले होते. बैठक संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “साहब, लड़कों को पानी कहाँ तक मिलेगा?” मी छेदाकडे पाहिले आणि सांगितले, “जाँघ तक, साहब.” त्यांनी खिशातली छोटी वही काढून ते लिहून घेतले. ती वही पुढचे काही दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

त्याच खोलीत अमेरिकी टेहळणी पथकाचा एक सार्जंट मागे उभा होता. त्याने एवढेच विचारले की, हे मोजमाप कधीचे आहे. मी ऑक्टोबर म्हणालो. त्याने मान हलवली आणि आणखी काही विचारले नाही. त्याचे ते न विचारणे मला थोडे आगाऊपणाचे वाटले, हेही कबूल करतो.

काकिनाड्याचा किनारा मला फारसा परका वाटत नव्हता, आणि तेथेच माझे चुकले असावे. मी दापोलीकडचा. आमच्याकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की वाळूची घडण डोळ्यांना उघडी दिसते, आणि कोठे खड्डा आहे, कोठे बांध आहे हे पोरेसोरेही सांगतात. पूर्व किनाऱ्यावर तसे नाही. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यातून सराव कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, म्हणजे भांगाच्या, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याच्या, दिवसांत आला होता. पाण्याखाली जे होते ते चोवीस तास पाण्याखालीच राहणार होते.

पाहणी पहाटे चारला ठरली. आम्ही आठ जण होतो, चार त्यांचे आणि चार आपले. आपल्यापैकी एक मालवणकडचा तरुण नाविक होता. पोहण्यात त्याच्या तोडीचा मी दुसरा पाहिला नाही. आकाशात अर्धा चंद्र डोक्यावर येत होता, वारा ईशान्येचा आणि थंड, आणि समुद्राचा आवाज एकसारखा. पोहणारे सहा जण एकमेकांपासून ठरावीक अंतरावर, दोरीला धरून, किनाऱ्याशी समांतर ओळ करणार होते. प्रत्येकाजवळ शिशाचे वजन बांधलेली, गाठी मारलेली दोरी आणि मनगटाला पाण्यात लिहिता येईल अशी प्लास्टिकची पाटी होती. काम साधे: दोरी सोडायची, गाठी मोजायच्या, पाटीवर लिहायचे, ओळ पुढे सरकवायची. आमचे कोळी बोटीच्या कडेवरून दोरी सोडून वावात खोली सांगत, त्यात आणि यात मला काही फरक दिसला नाही. उपग्रह आणि इको साउंडरच्या काळात हे प्रकरण मला थोडे दिखाऊ वाटले होते.

सार्जंट मात्र पाण्यात उतरला नाही. तो वाळूवर मांडी घालून बसला आणि हातात स्टॉपवॉच घेऊन लाटा मोजू लागला. त्यांच्या पद्धतीत ओळीने शंभर लाटा पाहायच्या असतात. त्यांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी ही लाटेची उंची धरतात. ती अर्ध्या फुटापर्यंत, लाटांमधला काळ अर्ध्या सेकंदापर्यंत, मग लाट कशी फुटते, किनाऱ्याशी किती कोन करते, काठाने वाहणारा प्रवाह किती, असे करत अल्फापासून हॉटेलपर्यंत, म्हणजे इंग्रजी ए ते एच या आठ अक्षरांत, सगळा समुद्र बसवतात. मी त्याच्या शेजारी बसलो. वीस-पंचवीस लाटांनंतर मला कंटाळा आला; त्याला आला नाही.

साठाव्या लाटेच्या आसपास तो म्हणाला, “सर, लाटा दोन ओळींत फुटताहेत.”

मी म्हणालो, “हो, दिसते आहे.”

“तुमचा उतार सलग आहे. मग लाट बाहेर फुटून मध्येच शांत का होते, आणि काठाशी येऊन पुन्हा का फुटते?”

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे लहानपण समुद्राकाठी गेले आहे त्यांना उत्तर कळले असेलच. लाट फुटते ती पाणी उथळ झाल्यामुळे. एकदा फुटू लागलेली लाट पुन्हा सावरून उभी राहिली, तर मध्ये कोठेतरी पाणी परत खोल झाले आहे असाच त्याचा अर्थ होतो. बाहेर वाळूचा बांध आणि त्याच्या आत चर. मला हे माहीत नव्हते असे नाही. मी ते गोव्यात शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते, आणि त्या पहाटे समोर दोन पांढऱ्या ओळी चंद्रप्रकाशात स्वच्छ दिसत असतानाही मी त्यांच्याकडे नुसता बघत बसलो होतो.

मी उत्तर देण्याआधीच पाण्यातून आमच्या मालवणी पोराचा आवाज आला. ओळ बाहेरून काठाकडे येत होती. पासष्ट-सत्तर मीटरवर ते सगळे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चालत आले होते. दोन पावले पुढे टाकताच मधले दोघे गळ्यापर्यंत आणि मग डोक्यावरून खाली गेले. तो वर आला आणि नियम विसरून आपल्या भाषेत ओरडला, “सर, हय पाय लागणा नाय!”

उजाडेपर्यंत त्या पट्ट्याच्या तीन रेषा मोजून झाल्या. बांधाच्या माथ्यावर पाणी जेमतेम नव्वद सेंटिमीटर होते. त्याच्या आत सुमारे वीस मीटर रुंदीचा चर होता आणि त्यात पाणी एक मीटर ऐंशी. म्हणजे क्राफ्ट बांधावर टेकली असती, चालकाला किनारा लागला असे वाटले असते, रॅम्प पडला असता, आणि पाठीवर सामान घेतलेला जवान पाच-सात पावले चालून पुरुषभर पाण्यात गेला असता. डिसेंबर १९७१ मध्ये याच बंगालच्या उपसागरात, कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर, असेच घडले होते. ती मोहीम घाईत आखलेली होती, उतरवणारे जहाज किनाऱ्यापासून दूरच वाळूला टेकले, आणि पुढे उथळ असेल असे समजून उतरलेल्या गुरखा तुकडीतील काही जवान बुडाले. आमच्या शाखेत ही गोष्ट प्रत्येकाला माहीत असते. सार्जंटच्या शाखेत पॅसिफिकमधल्या तारावा बेटाची असते: २० नोव्हेंबर १९४३, प्रवाळाच्या कड्यावर अडकलेल्या बोटी आणि गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत गेलेले मरीन. तो आठवडाही नोव्हेंबरातला तोच होता. त्याने ती तारीख बोलून दाखवली, मी कॉक्स बाजारचे सांगितले, आणि मग थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

माझा पहिला बचाव तयार होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उपसागराच्या उत्तर भागातून ‘बुलबुल’ चक्रीवादळ गेले होते. वादळी लाटा काठावरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर तिचा बांध घालतात, हे पाठ्यपुस्तकातले सत्य आहे. मी ते सार्जंटला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या छेदाची प्रत मागितली. मग बोटाने त्या सुंदर रेषेचा मधला भाग दाखवून विचारले, “सर, या भागातली मापे कोणी घेतली?”

कोणीच घेतली नव्हती. ऑक्टोबरात किनाऱ्याचे पथक हातात मोजपट्टीची काठी घेऊन पाण्यात तीस मीटरपर्यंत चालत गेले होते. सर्वेक्षणाची बोट समुद्राकडून येऊन नव्वद मीटरवर, दोन मीटर पाण्यात थांबली होती, कारण लाटा असताना तिला त्याहून आत आणणे सुरक्षित नव्हते. मधल्या साठ मीटरमध्ये माणूसही गेला नाही आणि बोटही नाही. दोन टोकांचे आकडे मी सरळ रेषेने जोडले. मूळ कच्च्या कागदावर तो भाग मी तुटक रेषेने काढला होता, हे मला आठवत होते. बैठकीसाठी पक्की आकृती करताना तुटक रेषा सलग झाली. पडद्यावर ती अधिक नीटनेटकी दिसत होती. वादळाने तो बांध घातला की तो ऑक्टोबरातही तेथेच होता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही, कारण आधीचे मापच नाही. सही माझी होती.

पुढचे काम भराभर झाले. पाहणीच्या वेळी मासेमारीच्या काही बोटी परतताना मी पाहिल्या होत्या. त्या समोरून सरळ न येता उत्तरेकडे तीन-चारशे मीटरवर जाऊन एकाच ठिकाणाहून आत शिरत होत्या. तेथे लाटांची बाहेरची ओळ तुटलेली दिसत होती. दुपारी पथक पुन्हा उतरले आणि या वेळी मीही दोरी घेऊन पाण्यात गेलो. बांधाला तेथे खिंड होती. बाहेरून काठापर्यंत उतार सलग होता. काठाला ओढ होती, पण ती झेपण्यासारखी होती. संध्याकाळी मी वरिष्ठांसमोर उभा राहून सगळे सांगितले आणि उतरण्याची जागा हलवण्याची शिफारस केली. जे ऐकून घ्यायचे होते ते ऐकून घेतले. जागा हलली.

मध्ये एकदा सार्जंटने विचारले होते की, आपल्याकडे हे सारे कोठे शिकवतात. मी त्याला खडकवासल्याची गोष्ट सांगितली. समुद्रापासून लांब, पुण्याजवळच्या त्या धरणाच्या जलाशयावर दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना बोटीतून किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण दिले जात असे, त्यासाठी काठावर जहाजाचा एक नमुनाही होता, आणि पुढे त्याच परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली, जेथे मी तीन वर्षे काढली. त्याने विचारले, “तळ्यात लाटा असतात?” मी नाही म्हणालो. तो हसला, आणि मीही.

उतरण्याच्या दिवशी मी काठावर उभा होतो. पहिली क्राफ्ट खिंडीतून आली, नाक टेकले, रॅम्प पडला. माणसे मांडीभर पाण्यातून चालत वर आली. मागून आलेला एक ट्रक वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत रुतला आणि तो काढायला चटया अंथराव्या लागल्या. पण तेथे कोणाचा जीव जाणार नव्हता. सुभेदार साहेब भिजलेली पँट झटकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साहब, जितना आपने बोला था, उतना ही निकला.”

त्यांना काय सांगावे हे मला त्या वेळी सुचले नाही. संध्याकाळी मी त्यांना शोधून काढले, नवा छेद त्यांच्यापुढे ठेवला आणि मूळच्या जागी काय होते ते दाखवले. त्यांनी चराच्या आकृतीवर बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच पाहत राहिले. मग खिशातली वही काढली, माझे आधीचे उत्तर लिहिलेले पान उघडले आणि विचारले, “चौड़ाई कितनी थी?”

“बीस मीटर.”

त्यांनी ते त्याच पानावर, आधीच्या ओळीखाली लिहिले.