प्रत्यय सुटा लिहायचा नाही! मॅन्युअलचा फॉरमॅट बदलतानाचा माझा अनुभव

आम्ही पाचसहा जण एका फ्री सॉफ्टवेअरचं मराठी मॅन्युअल लिहितो, नोकऱ्या सांभाळून, रविवारी सकाळी कोथरूडला एकाच्या घरी बसून. इतकी वर्षं सगळं डॉकबुकमध्ये होतं, म्हणजे मजकुराभोवती टॅग (खुणा) लावून लिहायच्या फॉरमॅटमध्ये. नवीन कोणी यायचं, एका ओळीसाठी चार टॅग उघडायचे नि बंद करायचे हे बघायचं आणि परत फिरकायचं नाही. लिनक्स कर्नलवाल्यांनी 2016 ला 4.8 आवृत्तीपासून स्फिंक्स (साध्या खुणांच्या मजकुरातून मॅन्युअलची पानं बनवणारं टूल) धरलं, पायथॉनचं मॅन्युअल तर त्याआधीपासून त्यावर आहे, मग आपणही जाऊ असं ठरलं. पॅनडॉक या फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रामने 38 फायली एका दुपारी बदलून दिल्या, तो भाग संपला.

अडकलो प्रत्ययापाशी. "फाइलमध्ये" लिहायचंय आणि त्यातलं "फाइल" बोल्ड हवंय. डॉकबुकमध्ये टॅग बंद केला की लगेच "मध्ये" लिहायचं, झालं. इथे बोल्डसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार लावतात, पण **फाइल**मध्ये चालतच नाही, शेवटच्या स्टारनंतर मोकळी जागा नाहीतर विरामचिन्ह लागतं. इंग्रजीत "इन" आधी आणि सुटं येतं, त्यांना हे कधी नडत नाही. उपाय आहे, **फाइल**\ मध्ये असं लिहायचं, बॅकस्लॅश आणि स्पेस, पानावर दोन्ही गायब होतात आणि शब्द जोडलेला दिसतो. पॅनडॉकने ते स्वतःहून घातलंही होतं! आम्हाला वाटलं कन्व्हर्जनचा कचरा आहे, एकाने मला विचारून फाइंड-रिप्लेसने सगळे उडवले, मी हो म्हटलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कळलं तीन आठवड्यांनी, पहिला पूर्ण बिल्ड लावला, म्हणजे सगळ्या फायलींची पानं बनवली, तेव्हा. सहाशेच्या वर वॉर्निंग, सगळीकडे तेच, "स्टार्ट-स्ट्रिंग विदाउट एंड-स्ट्रिंग", म्हणजे सुरुवातीचे स्टार सापडले, शेवटचे नाहीत. तोवर सगळ्यांनी त्याच फायलींवर लिहून ठेवलेलं, मागे जायची सोय नाही. मग एकजण म्हणाला, "अरे एवढं काय, मध्ये स्पेस सोड ना, वाचणाऱ्याला कळतं." मी खरंच चिडलो. "फाइल मध्ये", "मेनू तून", "सर्व्हर ला" असं शाळेतल्या पोराने लिहिलं तर आपण लाल पेन चालवतो, आणि टूलला जमत नाही म्हणून आपणच तसं छापायचं? नाही म्हणजे नाही. चहा गार होईपर्यंत यावरच वाद चालला होता.

शेवटी रेजेक्स (मजकुरातला ठरावीक नमुना शोधून बदलायचं सूत्र) लिहिला. पहिल्यांदा त्याने सुरुवातीच्या स्टारनंतरही बॅकस्लॅश घातला, कारण त्याच्याही पुढे देवनागरी अक्षरच असतं. मग स्टारची अख्खी जोडी पकडली आणि तिच्यानंतर लगेच अक्षर असेल तरच बॅकस्लॅश घातला. दोन रविवार गेले, पण शेवटच्या बिल्डला एकही वॉर्निंग नव्हती आणि एकही प्रत्यय सुटा नव्हता.

तुम्ही करणार असाल तर फॉरमॅट ठरवायच्या आधी ने, ला, चा, मध्ये, तून लावलेली पाच वाक्यं लिहून बिल्ड करून बघा. मार्कडाउन या दुसऱ्या साध्या फॉरमॅटमध्ये दोन स्टारला प्रत्यय चिकटवलेला चालतो, अंडरस्कोरला नाही. पीओ फाइल (भाषांतराची वाक्यं ठेवायची फाइल) साध्या एडिटरमध्ये उघडत असाल तर बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. आणि हो, हेडिंगखालची रेघ नजरेच्या अंदाजाने मारू नका, कानामात्रा वेगळ्या मोजल्या जातात म्हणून "अंडरलाइन टू शॉर्ट" (रेघ आखूड पडली) अशी वॉर्निंग येते, सरळ दुप्पट लांब मारा, जास्त झालेली चालते.