तुम्ही विचारलंत म्हणून: गावाकडं शूटिंग का आणत नाही

सुट्टीत आलो की स्टँडपासून घरापर्यंत एकच प्रश्न. "भो, एवढी वर्षं सिनेमात काढली, आपल्याकडं एखादं शूटिंग का नाही आणत?" आजवर "बघू" म्हणून टाळलं. आता सांगूनच टाकतो.

आणलं होतं. २०१९ चा मे महिना, अमळनेर तालुक्यातलं एक गाव. त्या उन्हाळ्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं, बोरी नदीचं कोरडं पात्र तुम्हीही पाहिलंय. जागा मीच सुचवली होती. माझी मावशी त्या गावात दिलेली. आणि सीन होता पावसाचा. इफेक्ट्सचं काम माझं, म्हणजे पडद्यासाठी खोटा पाऊस वगैरे उभा करायचा.

खरा पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. थेंब जाड लागतो, लाइट मागून मारावी लागते, तेव्हा कुठे धार चमकते. (थेंब दिसावा म्हणून पाण्यात दूध घालत नाही आम्ही. हेही शंभरदा सांगून झालंय.) क्रेनवर फवारे, खाली पंप आणि दहा हजार लिटरचे टँकर. त्या रात्री पाच लागले.

चौथ्या टँकरला प्रेशर पडायला लागलं. पाईप तपासत अंधारात गेलो, तर एका सांध्यातून पाणी गळत होतं आणि त्याखाली जर्मनचं पातेलं लावून मावशी बसलेली. अर्धं भरलं होतं. मला बघून म्हणाली, "पानी वाया जाई राहिनं रे भाऊ." वॉकीवर माझ्या नावाचा गजर चालू होता. मी खिशातली ट्यूबची पट्टी काढली आणि सांधा आवळला. चार वेढे, वर गाठ. गळणं थांबलं. मावशी काही बोलली नाही. पातेलं डोक्यावर घेऊन गेली, अर्धंच.

पुढचा टेक ओके झाला.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, पाणी विकतचं होतं, आपण नसतो तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं. ते खोटं नव्हतं. आजही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये पडद्यावर लंका जाळली तेव्हापासून हे काम चालत आलंय, त्याची मला लाज नाही. कॉम्प्युटरवर पाऊस पाडता येतो, पण भिजलेल्या माणसाचं अंग चोरणं तिथं येत नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. तो शॉट मी अजून बघतो. चांगलाच झालाय. पण पॅकअपनंतर टँकरच्या तळाशी पाणी उरलं होतं, ते गावात द्या म्हणायचंही मला सुचलं नाही. सुचलं नाही, की धाडस झालं नाही? दोन्ही उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत.

हिवाळ्यात मावशीकडं जातो. ती भरीत करते, कळण्याची भाकरी थापते. त्या रात्रीचं कधी काढत नाही. जेवायला बसलो की आधी तांब्या भरून समोर ठेवते, काठोकाठ.