हमीपत्र काही मी दिलं नाही

तिसरीतल्या पोराला वर्गात परत बसवून घ्यायला आईबापांनी काय लिहून द्यावं, याची आमच्या शाळेची कल्पना अशी होती. एक : पाल्य शिक्षकांच्या सर्व सूचनांचे तंतोतंत पालन करील. दोन : पाल्य परवानगीशिवाय वर्गाबाहेर जाणार नाही. तीन : वर्गपाठ व गृहपाठ वेळेत पूर्ण करील. चार : यात कसूर झाल्यास शाळा सोडल्याचा दाखला स्वीकारण्यास आमची हरकत राहणार नाही. खाली आईची सही, वडिलांची सही आणि दोन साक्षीदार. साक्षीदार कशाला, असं विचारलं तर ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, "फॉरमॅटच तसा आहे मॅडम."

या कागदापायी माझ्या मुलाचे ऐन पावसाळ्यातले दिवस घरात गेले. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. विट्या-तासगावकडे नाहीतर इथंच सांगलीत कुणाच्या पुढ्यात असा कागद आला तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

मुलगा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, आहे. बोलण्यात हुशार, पाहुण्यांना चहा विचारणारा, त्यामुळे बघणाऱ्याला पटतच नाही. पण त्याला कुणी 'कर' म्हटलं की आतून भीती चढते. बाई म्हणाल्या 'वही काढ', की आधी गंमत, "माझे हात आज सुट्टीवर आहेत." मग विषय बदलणं. मग मांजर होऊन बाकाखाली. तरी रेटलं तर किंकाळी आणि दाराबाहेर. बरं, हे नावडत्या कामांपुरतंच असतं तर कुणालाही समजलं असतं. स्वतः चार वेळा मागितलेली सायकलची चक्कर मी "चल, निघूया का?" म्हटलं की त्याला जमत नाही. पोटात भूक असते, "जेवायला बस" ऐकलं की ताटावरून उठतो. सासूबाई म्हणायच्या, लाडानं बिघडवलंय. लाडानं बिघडलेलं पोर मनासारखं झालं की गप बसतं. हा मनासारखं होत असतानाच कोलमडतो.

नॉटिंगहॅमच्या एलिझाबेथ न्यूसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात अशा मुलांचं वर्णन केलं, त्याला पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स (कुणी काही करायला सांगितलं की ते टाळण्याची विकोपाची धडपड), थोडक्यात पीडीए, असं नाव दिलं. त्यांचा शोधनिबंध २००३ सालचा. अलीकडे काही जण 'पॅथॉलॉजिकल' काढून 'एक्स्ट्रीम' म्हणतात. डॉक्टर ज्यावरून निदान करतात त्या डीएसएम-५ आणि आयसीडी-११ मध्ये मात्र हे वेगळं निदान म्हणून नाही आणि तज्ज्ञांचंही यावर एकमत नाही. त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी निदानात ऑटिझम एवढंच लिहिलं, पण खाली दोन ओळी जोडल्या : थेट सूचना दिल्यास तीव्र चिंता निर्माण होते, बक्षीस-शिक्षेची पद्धत उलटते. या दोन ओळी डॉक्टरांकडून मागून घ्याच. पुढं सगळं त्या दोन ओळींवर तरलं.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम त्यामानानं सरळ झालं. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग दवाखान्यात तपासणी. 'इसा' नावाची ४० मुद्द्यांची मोजपट्टी असते, प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा जास्त भरली तर ऑटिझम धरतात. फक्त एक सांभाळा. आमच्यासारखी मुलं परक्यासमोर अर्धा तास गोडगोड वागू शकतात आणि घरी येऊन फुटतात. घरचे एकदोन व्हिडिओ मोबाईलमध्ये असू द्या. काम झालं की पुसून टाका, नातेवाइकांच्या ग्रुपवर जायला नकोत.

आता शाळा. पहिली-दुसरीला ज्या बाई होत्या त्यांनी असलं काही वाचलेलं नसावं, पण त्यांचा स्वभावच असा की पोरानं ऐकलं नाही तर दुसऱ्या पोराशी बोलायला लागायच्या. तो आपोआप यायचा. तिसरीत नव्या बाईंनी भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावला. वही पूर्ण केली की चांदणी. पहिल्या चांदणीला बाईंनी वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून यानं पेन्सिल धरली नाही. एकदा केलं म्हणजे आता रोज करावं लागणार, हे त्यानं टाळ्यांतून बरोबर ओळखलं. पहिल्या घटक चाचणीला पेपर फाडून मैदानावर पळाला, आणि संध्याकाळी आम्हाला बोलावणं आलं.

मुख्याध्यापक वाईट बोलले नाहीत. उलट "ताई, एवढं भरून द्या, तोवर घरीच राहू दे त्याला," असं समजुतीच्या सुरात म्हणाले. हे तोंडी. आणि इथंच सगळी मेख होती. पाठवू नका असं लेखी कुणी देईना. हजेरीपटावर मात्र रोज 'गैरहजर' लागत होतं. म्हणजे कागदोपत्री आम्हीच मुलाला शाळेत पाठवत नव्हतो.

"कर की सही, कोण बघतंय," असं घरात सगळ्यांचं मत. यांचंही. पण मी चौथं कलम परत परत वाचत होते. पहिल्या तीन कलमांत त्याला जे जमत नाही नेमकं तेच लिहून घ्यायचं, आणि ते मोडलं की दाखला हातात. पोहता न येणाऱ्याकडून 'मी बुडणार नाही' अशी सही घेऊन त्याला कृष्णेत सोडावं, तसला प्रकार. मी म्हटलं, पहिली तीन कलमं मुलगा पाळणार, मग सही त्याची घ्या. यावर भाऊसाहेबांनी पंख्याकडे बघितलं.

मुख्याध्यापक म्हणाले, निर्णय संस्थेचा. संस्थेच्या ऑफिसात गेले तर, हा शाळेचा अंतर्गत विषय, सर बघतील. सर म्हणाले, सेक्रेटरी आल्यावर भेटा. सेक्रेटरी आले, ऐकून घेतलं, म्हणाले पुढच्या मीटिंगमध्ये विषय ठेवतो. मीटिंग झाली, विषय राहिला, कारण त्या मीटिंगमध्ये पत्र्याच्या शेडचं टेंडर होतं. शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात गेले. तिथं विहित नमुन्यात अर्ज करा म्हणाले. नमुना द्या म्हटलं तर असा नमुना नाही म्हणाले. मग साध्या कागदावर चालेल का? ते साहेब सांगतील. साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला. दुसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब पूर ड्युटीवर, आणि त्यात मात्र त्यांची चूक नाही, कोयना धरणातून विसर्ग वाढवला होता आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं होतं. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "मुलगा जरा शिस्तीचा झाला की आपोआप प्रश्न मिटेल हो." मी काही बोलले नाही. जिन्यात बसून पाणी प्यायले.

त्या दिवसांत मुलगा घरी काय करत होता म्हणाल, तर पाणी मोजत होता. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं, कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, सगळं पाठ. सकाळ-संध्याकाळ बातम्यांतली पातळी जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहायचा, फरक काढायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं म्हणून.

शेवटी मी भेटीगाठी सोडल्या आणि अर्ज लिहिला. विषय : पाल्यास वर्गात बसू न देणेबाबत. मजकूर एका पानाचा. कोणत्या तारखेला कुणी काय सांगितलं, तेवढंच. मग तीन वाक्यं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याच कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता शिकवायचं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून द्यायच्या. खाली विनंती : माझा मुलगा वर्गात का बसू शकत नाही हे लेखी कळवावे. आणि सर्वात खाली डाव्या कोपऱ्यात : प्रत माहितीसाठी, आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे.

कलमं कुणी वाचली असतील असं मला वाटत नाही. ती डाव्या कोपऱ्यातली ओळ वाचली. शाळेच्या आवक नोंदवहीत अर्ज चढवायला भाऊसाहेब तयार नव्हते, सरांना विचारतो म्हणाले. मी म्हटलं, विचारा, मी बसते. बसले. पोच घेऊनच उठले. घरी पोचायच्या आत मुख्याध्यापकांचा फोन. मला तेव्हा जो आनंद झाला तो लिहायला लाज वाटत नाही.

त्या फोननंतर शाळेत बैठक झाली. तिला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षिका आल्या होत्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात चौकशी केली की त्यांचा पत्ता लागतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हमीपत्र वाचलं, घडी घालून बाजूला ठेवलं आणि कोरा कागद घेतला. म्हणाल्या, मोठ्यांनी काय करायचं ते लिहू. त्यावर लिहिलं गेलं ते असं : थेट हुकूम द्यायचा नाही, दोन पर्याय ठेवायचे. चांदण्या नाहीत, टाळ्या नाहीत, कौतुक करायचंच तर कामाचं, तेही जाता जाता. जीव घाबरला की न विचारता वाचनालयात जाऊन बसायची मुभा. चाचणी वेगळ्या खोलीत, तोंडी चालेल. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा. पक्के नियम दोनच, गेटबाहेर जायचं नाही आणि कुणाला मारायचं नाही. बाकी सोडून द्यायचं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "बाकीच्या एक्केचाळीस पोरांना काय सांगू?" प्रश्न रास्त होता. विशेष शिक्षिका म्हणाल्या, चश्मा असलेल्याला पुढं बसवता तेव्हा काय सांगता? खाली सही मुख्याध्यापकांची, बाईंची आणि माझी. साक्षीदार नाहीत.

बाईंनी हळूहळू सूर पकडला. फळ्याकडे तोंड करून, कुणालाही न उद्देशून म्हणतात, "आज आयर्विनला अडतीस झालंय म्हणे, धोक्याला किती राहिलं कुणास ठाऊक." हा उठून उत्तर लिहितो, वर बाईंची चूकही काढतो. तक्ता बाईंनी स्वतःहून उतरवला. सगळे दिवस असे जात नाहीत. सोमवार अवघड, सुट्टीनंतरचा दिवस त्याहून अवघड, आणि गणिताची वही वर्षअखेरीलाही जवळजवळ कोरीच होती. पास झाला, चौथीत गेला.

राहिलेलं एक-दोन. शाळा सरकारला जी यू-डायस नावाची माहिती भरून देते, तिच्यात मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली का, ते विचारा. आमची झालेली नव्हती. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात ऑटिझम बसतो, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्च त्यात मागता येतो. चित्रांचं वेळापत्रक बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना मानवतं, आमच्याकडे ते वेळापत्रकच हुकूम ठरलं. तुमच्याकडे तसं झालं तर काढून टाका. आणि शाळेनं "तुम्हीच दाखला मागितलात" अशी भाषा सुरू केली, तर त्याच दिवशी 'मी दाखला मागितलेला नाही' एवढं एक वाक्य लिहून आवकमध्ये टाका आणि पोच घ्या.