उजवो कळो

घाटावरचे मित्र विचारतात, तुमच्या कोकणातून आषाढीला दिंड्या कमी का निघतात? आषाढात आमची लावणी असते. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस पंढरपूरला जाणार कसा? ज्यांना जमतं ते कार्तिकी-माघीला जातात. पण मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर आमची स्वतःची एक वारी आहे. तिच्यात गावचा देव पालखीत बसून निघतो आणि गाव त्याच्या मागून चालतं. तिला देवस्वारी म्हणतात. महाशिवरात्रीला समुद्रकाठचं कुणकेश्वराचं देऊळ गाठायचं, अमावास्येला समुद्रात तीर्थस्नान करायचं आणि देवाला परत घरी आणायचं.

2023 सालच्या फेब्रुवारीत आमच्या गावची स्वारी बारा वर्षांनी निघाली. मी गावच्या गुरवाचा मुलगा. तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि सतराव्या वर्षापासून माझा त्या देवावरचा विश्वास उडालेला होता. घरात हे मी कधी बोललेलो नाही.

स्वारीबरोबर गुरवाच्या घरातला माणूस लागतोच. वाटेत देव जिथे टेकेल तिथे पूजा, तीर्थ, कळे. बाबा शहात्तरचे, गुडघ्यांनी त्यांना पडवीत बसवलेलं. मुंबईला फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, ‘‘येईन, पण कळे लावणार नाही.’’ पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, ‘‘पूजा तू कर. कळ्यांचा काका बघतलो.’’ का नाही लावणार, हे त्यांनी विचारलं नाही.

कळे म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो. लग्न, जमीन, आजारपण, बोटीचा मुहूर्त, काहीही अडलं की माणूस देवळात येतो आणि देवाला कौल विचारतो. काही देवळांत तांदूळ लावतात, आमच्याकडे फुलाच्या पाकळ्या. त्या पाण्यात भिजवून काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर दोन्ही खांद्यांना, दोन्ही गुडघ्यांना लावायच्या. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे गप्प होऊन बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कधी क्षणात पडते, कधी तास जातो. त्या शांततेत माणसांचे चेहरे मी लहानपणापासून बघत आलोय. डॉक्टरच्या दारातही माणूस इतका जीव मुठीत धरून बसत नाही.

1998 च्या पावसात बाबा तापाने अंथरुणाला खिळले आणि पंधरवडाभर पूजा माझ्याकडे आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच हातांना काहीतरी कळायला लागलं. ओथंबलेली पाकळी आपल्याच पाण्याने घसरते. बोटांवर निथळून, पातळसा ओलावा ठेवून दाबली की पालीसारखी चिकटून बसते. मूर्तीच्या उजव्या अंगाला समई, तिची धग वेगळी. एका दुपारी देऊळ रिकामं असताना मी गाभाऱ्याचं दार लोटलं आणि वीस वेळा कळे लावून पाहिले. आधी मनात ठरवायचं, आज उजवा, आज डावा. वीसांतले सतरा माझ्या मनासारखे पडले. बाहेर पाऊस कोसळत होता. मी पाकळ्या वेचल्या, ताम्हण धुतलं आणि घरी येऊन जेवलो. आईने विचारलं, तोंड का उतरलंय? भूक लागली होती, म्हणालो.

लोकांना वाटतं, शिकलेल्या मुलांचा विश्वास पुस्तकं वाचून जातो. माझा माझ्या बोटांतून गेला. पुस्तकं नंतर आली, रत्नागिरीत कॉलेजला असताना. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्या दिवशी नारळी पौर्णिमेसाठी मी गावी होतो. बाबा बराच वेळ टीव्हीसमोर उभेच राहिले. ‘‘इचारणाऱ्याक मारूक नको होता,’’ म्हणाले आणि सायंपूजेला निघून गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र बोलायची राहून गेली आणि तीच मला सर्वांत जास्त टोचते. पाकळी लावण्याआधी बाबा उजव्या हाताची बोटं तीनदा झटकत. लहानपणी मला वाटायचं, हा पूजेचाच विधी. त्या दुपारनंतर कळलं की तीनदा झटकलेल्या बोटांनी लावलेली पाकळी सहजासहजी पडत नाही. दोन्ही बाजूंना ते सारखंच झटकत का? मला आठवत नाही. आठवायचा मी किती प्रयत्न केलाय.

शुक्रवारी 17 तारखेला पहाटे स्वारी निघाली. पुढे ढोल-ताशे, मग अब्दागिरी, निशाण, तरंग आणि पालखी. तरंग म्हणजे उंच काठीवर देवाचा मुखवटा आणि खाली गुंडाळलेली लुगडी. तो कमरेला बांधून धरणारा माणूस एरवी वाळूच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. ढोल चढला की तो थरथरायला लागतो, त्याचे डोळे बदलतात. तो नाटक करत नाही एवढं मी खात्रीने सांगतो. त्याच्या अंगात काय येतं ते मला सांगता येणार नाही.

अनवाणी चालायचं. सकाळी दव असतं, मजा वाटते. नऊनंतर सड्यावरचा कातळ तापतो आणि जांभ्याची खडी तळव्यांत रुतते. दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा, मोहराचा तो गोड-उग्र वास आणि मधूनच फवारणीच्या औषधाचा भपकारा. बागवाला पंप बंद करून धावत येतो, हात शर्टाला पुसतो आणि पालखीखालून जातो.

आचऱ्यातून जाताना बायका गावपळणीच्या आठवणी काढत होत्या. आचरा, चिंदर, वायंगणी या गावांची ही जुनी रीत आहे. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर राहुट्यांत राहतं. परत यायचं तेही कौल घेऊनच. माझ्या आजोळची ही मजा मी पोरपणी अनुभवलीय. रात्री शेकोटीभोवती भजन, खाडीतल्या ताज्या माशांचं सार, सगळ्या वाड्यांची माणसं एका पंक्तीला. त्या तीन दिवसांना कुणी अंधश्रद्धा म्हटलं की मला अजून राग येतो. आणि गावपळण एका पाकळीवर ठरते हेही मला माहीत आहे. या दोन गोष्टींची माझ्या मनात अजून गाठ पडलेली नाही.

खाडी ओलांडली की देवगड तालुका लागतो. मुणगे, हिंदळे. प्रत्येक वाडीवर देव थांबतो. बायका पायावर पाणी ओततात, ओटी भरतात, कोकम सरबताचे पेले पुढे करतात. एका ठिकाणी पहिला नारळ कुणाचा यावरून दोन मानकऱ्यांत तासभर जुंपली. देव उन्हात आणि माणसं मानासाठी भांडताहेत. असल्या वादांपायी कोकणात काही देवळांना कुलपं लागली आहेत. माझा जीव या गोष्टीने जितका विटला तितका पाकळ्यांनीही विटला नव्हता.

मिठबावला मुक्काम पडला. पिठलं-भात झाला, मंडपात भजन सुरू झालं. मी बाहेर दगडावर बसून पायातला काटा काढत होतो. शेजारी काकी येऊन बसली. काकी म्हणजे आमच्या वाडीतली, नात्याने कुणी नाही, पण तिच्या घरच्या पेजेवर मी वाढलोय. आता पासष्टची असेल.

तिला बघितलं की मला 1998 चा तो पंधरवडा आठवतो. मी गाभाऱ्यात दार लोटून प्रयोग केला, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती आली होती. एकुलत्या एका मुलाला आखातात नोकरी लागत होती. घोव दर्यात गेलेला. धाडू काय नको, विचारून दे म्हणाली. मी उजवी पाकळी पाण्यात बुडवून तशीच लावली आणि डावी निथळून दाबली. मला तिचं भलंही करायचं नव्हतं, वाईटही नाही. समोर जिवंत माणूस असताना हे जमतं का, एवढंच मला बघायचं होतं. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पडली. ती रडली, देवाच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग, मी गुरव म्हणून, माझ्याही पाया पडली.

मुलगा गेला. त्याचं चांगलं झालं. चिऱ्याचं घर बांधलं, आत लाद्या घातल्या. तीन वर्षांतून एकदा येतो. त्या घरात काकी एकटी राहते आणि दर सोमवारी देवाला फूल घालते.

ती म्हणाली, ‘‘तुझ्या हातान देवान माका उजवो दिलो होतो, आठावता तुका?’’

मी सगळं सांगितलं. पाणी, समई, वीस वेळा केलेला प्रयोग, तिच्या पाकळ्या. इतकी वर्षं मनात घोकलेलं होतं, पण तोंडातून तुटक तुटकच आलं. ती माझ्या हातांकडे बघत होती.

‘‘तू तेवा केवढो होतस?’’

‘‘सतरा.’’

मंडपातला अभंग संपून दुसरा सुरू झाला. मग तिने विचारलं, ‘‘आणि तुझ्या बापाशीन? तेनी कधी असा केल्यान काय रे?’’

मला उत्तर देता आलं नाही. काकी उठली, आपलं बोचकं घेतलं आणि बायकांच्या अंगाला जाऊन पडली. तिच्या घोवाच्या वेळचे कळे बाबांनी लावले होते हे मला झोपताना आठवलं. तुफानानंतर चार दिवस बोट आली नव्हती आणि वाडीतल्या बायका विचारायला आल्या होत्या. उजवा पडला होता. ती आणखी आठ दिवस वाट बघत राहिली होती.

शनिवारी संध्याकाळी आम्ही कुणकेश्वरला पोचलो. कातवणचा चढ संपून उतार लागला की आधी समुद्राचा वास येतो, मग शिखर दिसतं. देऊळ अगदी लाटांच्या काठावर. गावोगावच्या देवस्वाऱ्या, खाजा-मालवणी लाडवांची दुकानं, रांगा, गुलाल. दिवसभरात काकी माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाण्याचा तांब्या दुसऱ्याच्या हाती पाठवायची.

देवळाबाहेर मी त्या जुन्या थडग्याजवळ गेलो. त्याची गोष्ट इकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. सांगतात की एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं. किनाऱ्यावर दिवा दिसला. वाचलो तर इथे देऊळ बांधीन, असं तो त्या अनोळखी देवाला बोलला आणि वाचल्यावर शब्द पाळला. मग त्याला वाटलं, आपली माणसं आता आपल्याला घरात घेणार नाहीत. त्याने शिखरावरून उडी घेतली. लहानपणी ही गोष्ट देवाच्या चमत्काराची म्हणून ऐकली होती. त्या संध्याकाळी मला देव दिसेना, शिखरावर उभा असलेला माणूसच दिसत राहिला. त्याच्या दगडाला हात लावून मी बराच वेळ उभा राहिलो.

रविवारी रात्री बाबांचा फोन. ‘‘स्नान कधी काढल्यात?’’ आणि मी बोलायच्या आत स्वतःच हिशेब घातला. तिथीच्या पाऊणपटीला भरती. अमावास्या म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराच्या पुढेमागे भरती, म्हणजे पहाटे पाच-सहाच्या मध्ये ओहोटी. ‘‘तेवाच जावा. पाण्यातली लिंगां उघडी पडतली.’’ हा हिशेब त्यांनीच मला सात वर्षांचा असताना शिकवला होता, वाळूत काठीने आकडे काढून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, पण तो कधी खोटा पडल्याचं मला आठवत नाही.

विचारायचं होतं ते ओठांवर आलं होतं. फोनवर विचारायची ही गोष्ट नव्हे. ‘‘मंगळवारी घरी आलो की बोलायचंय,’’ म्हणालो.

‘‘ये,’’ ते म्हणाले. ‘‘मी वाट बघतंय कधीपासून.’’

सोमवारी सोमवती अमावास्या, गर्दी दुप्पट. अंधारातच पालखी आणि तरंग वाळूवर उतरले. पाणी खूप मागे सरलं होतं आणि कातळातली शिवलिंगं काळीभोर, शेवाळलेली, ओली चमकत होती. देवाचं स्नान झालं, ढोलांचा कल्लोळ झाला, माणसं पाण्यात शिरली. मी पूजेचं सामान आवरत होतो. मागून कुणीतरी दंड धरला.

काकी. ‘‘गुडघ्यान माका उतराक गावना नाय. हात दी.’’

मी तिला धरून नेलं. कातळ शेवाळाने निसरडा होता, ती एकेक पाऊल चाचपत होती आणि तिची पाचही बोटं माझ्या मनगटात रुतली होती. कमरेएवढ्या पाण्यात तिने तीन बुड्या मारल्या. मग डोक्यावरचं पाणी निपटून, हात जोडून, समुद्राकडे तोंड करून ती स्वतःच गाऱ्हाणं घालायला लागली. बायका सहसा घालत नाहीत. आवाज बारीक होता, लाटेत मधेच बुडायचा.

‘‘बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा... आज तुझ्या पायाकडे इलंय... माझ्या झिलाक उजवो दिलंस, ता दिलंस. कोणाच्या हातान दिलंस ता तुका ठावक. आता तेका घराकडे आण. वरसातले चार म्हयने तरी माझ्यावांगडा रवांदे...’’

ती थांबली. गाऱ्हाणं घालणारा थांबला की बाकीच्यांनी जाब द्यायचा असतो, नाहीतर गाऱ्हाणं अर्धं राहतं. जवळपास आमच्या गावचं कुणी नव्हतं. एक लाट येऊन गेली. काकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

‘‘व्हय म्हाराजा,’’ मी म्हणालो.

तिने पुन्हा समुद्राकडे तोंड केलं आणि पुढचं गाऱ्हाणं सुरू केलं.