अनामतीचा डबा

दुसऱ्या वर्षाला गणिताच्या तासाला आमचा धंदा नफ्यात असताना बुडाला. वाक्य विचित्र वाटेल, पण हिशेबाने ते अगदी खरं आहे आणि तो हिशेब मला अजून तोंडपाठ आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ग्रंथालय, स्नेहसंमेलन, मैदान यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. माझ्या वाट्याची पानं मी त्या बुडालेल्या धंद्यावर खर्च करते.

आर्थिक गणित हा आमच्या अभ्यासक्रमातला सगळ्यांत 'सोपा' भाग समजला जायचा. मुद्दल, दर, मुदत, रास ही मंडळी शाळेपासूनच ओळखीची होती. दसादशे म्हटलं की हात आपोआप शंभराने भागायला लागायचा. त्यामुळे मॅडमनी पहिल्याच तासाला फळ्यावर सूत्राऐवजी कोडं लिहिलं, तेव्हा आम्ही जरा बिचकलो. १०० मुद्दलावर महिन्याला किती व्याज येतं ते ठाऊक नाही. आलेलं व्याज त्याच दराने आणखी ४ महिने व्याजी लावलं. ते व्याज आणि त्यावरचं व्याज मिळून ६ झाले. तर महिन्याचं व्याज किती?

सरळव्याजाच्या सवयीने उत्तर काढायला गेलेले सगळे अडकले. व्याज क्ष धरलं की त्यावरच्या चार महिन्यांच्या व्याजात क्षचा वर्ग येतो आणि समोर वर्गसमीकरण उभं राहतं. उत्तर ५. पाचावर चार महिन्यांत १ मिळतो, एकूण ६. या प्रकारचं गणित सोडवण्याची रीत आर्यभटाने 'आर्यभटीया'त, म्हणजे इ. स. ४९९ च्या सुमारास दिली आहे, हे मॅडमनी नंतर सांगितलं. व्याजावर व्याज लागलं की हिशेब सरळ रेषेत चालत नाही, एवढं त्या कोड्याने डोक्यात पक्कं बसलं.

मग प्रकल्प सुरू झाला. हजेरीपटाच्या क्रमाने पाच-पाच जणांचे गट पाडले. मैत्रिणी मैत्रिणी एकत्र येऊ नयेत म्हणूनच हे केलं, असा आमचा पक्का समज होता. प्रत्येक गटाने कागदावर एक धंदा काढायचा, बँक म्हणजे खुद्द मॅडम. पैशाला कुठल्याही देशाचं नाव द्यायचं नाही, सगळे व्यवहार नुसत्या 'एककां'त. धंदा चालवायचा चिठ्ठ्यांवर: मॅडमच्या डब्यातून चिठ्ठी निघेल तसा प्रसंग येणार. आणि एक अट, जिच्या नावाने आम्ही वर्षभर बोटं मोडली. प्रत्येक तक्त्याला शेवटी एक जादा रकाना आखायचा, त्याचं शीर्षक 'कुठून?'. आकडा लिहिला की तो कुठून आला ते त्या रकान्यात लिहायचं: मोजला, कोणाला विचारला, दुसऱ्या आकड्यावरून काढला की अंदाज केला. अंदाज चालायचा, पण त्यापुढे 'अंदाज' असं लिहावंच लागायचं.

आमच्या गटाने क्रमिक पुस्तकं भाड्याने द्यायचं ठरवलं. २०० पुस्तकं, प्रत्येकी १० एककं, म्हणजे २,००० चं भांडवल. त्यातले ८०० आम्ही पाच जणांनी घातले आणि १,२०० बँकेकडून. एका सत्राचं, म्हणजे सहा महिन्यांचं भाडं पुस्तकामागे ४ आणि अनामत ६. कव्हर, डागडुजी, नोंदी यांचा बदलता खर्च पुस्तकामागे अर्धं एकक. जागा आणि किरकोळ मिळून सत्राचा स्थिर खर्च २१०. पुस्तक चार वर्षांत निकामी होतं असं धरून घसारा सत्राला २५०. बँकेने दर लावला दसादशे १२, मुदत एक वर्ष, व्याज सरसकट. म्हणजे १,२०० वर १४४ व्याज, दोन्हींची बेरीज भागिले बारा, महिना ११२ हप्ता.

ना नफा ना तोटा कुठे, ते काढणं तर हातचा मळ. पुस्तकामागे साडेतीन सुटतात. स्थिर खर्च २१०, घसारा २५०, सत्राच्या वाट्याचं व्याज ७२, एकूण ५३२. भागिले साडेतीन, बरोबर १५२ पुस्तकं. चिठ्ठीतून निघालेली मागणी १८०. म्हणजे सत्राला ९८ नफा. आमच्या गटातल्या बोलक्या मुलीने याचं छान सादरीकरण केलं, आलेखात दोन रेषा १५२ वर एकमेकींना छेदताना रंगीत पेन्सिलीने दाखवल्या. टाळ्याही मिळाल्या.

गटात एक मुलगा होता, फारसा बोलायचा नाही. रोकड वही त्याच्याकडे होती. वहीबरोबर त्याने खडूचा एक रिकामा पुठ्ठ्याचा डबाही ठेवला होता. त्यात एककं म्हणून कागदाचे चौकोन कापून टाकायचा, भाडं आलं की आत, हप्ता गेला की बाहेर. आम्ही त्याची थट्टा करायचो. सत्र संपताना डब्यात ८२८ एककं शिल्लक होती. नफा ९८ आणि डब्यात ८२८, मग चिंता कसली? बोलक्या मुलीने तर पुढच्या सत्रासाठी आणखी पुस्तकं घ्यायचा प्रस्ताव मांडला.

"अगं, थांब जरा," तो म्हणाला. "हे आपले नाहीयेत."

त्याने वहीचं पान आमच्यासमोर धरलं. आवक: भाडं ७२०, अनामत १,०८०. जावक: बदलता खर्च ९०, स्थिर खर्च २१०, सहा हप्ते ६७२. शिल्लक ८२८. मग त्याने पेन्सिलीने अनामतीच्या ओळीवर काट मारली आणि बेरीज पुन्हा केली. उणे २५२. त्याच आठवड्यात मॅडमची चिठ्ठी निघाली: '१८० पुस्तकं परत आली. अनामत द्या.' द्यायचे १,०८०, डब्यात ८२८. धंदा नफ्यात आणि दारात माणसं उभी.

नफ्याच्या हिशेबात घसारा धरायचा, पण घसाऱ्याचे पैसे कोणाला हातात द्यावे लागत नाहीत. उलट हप्त्यातली मुद्दलाची फेड हा खर्च नव्हे, म्हणून ती नफ्याच्या हिशेबात येत नाही, पण दर महिन्याला डब्यातून ती जातेच. आणि अनामत डब्यात येते, पण ती मिळकत नसून देणं असतं. आपण नफ्याचा बिंदू काढला होता, रोकडीचा काढलाच नव्हता. तो काढला तर स्थिर खर्च २१० आणि हप्ते ६७२ मिळून ८८२, भागिले साडेतीन, २५२ पुस्तकं. मालकीची पुस्तकं एकूण २००! सगळीच्या सगळी भाड्याने गेली असती तरी पहिल्या सत्रात हप्ते फिटले नसते, हे आधीच्या रात्री कागदावर दिसू शकलं असतं. मॅडमनी आमच्या सुंदर आलेखावर लाल शाईने एकच प्रश्न लिहिला: 'पैसे कधी येतात आणि कधी जातात?'

मग बँकेशी वाटाघाटी. मॅडम आमच्या तक्त्यातल्या 'दर १२' या आकड्यापुढच्या 'कुठून?' रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे 'बँकेने सांगितला' असं लिहिलंय. बँकेने सांगितलं ते ठीक, तुम्ही काढून पाहिलात का?" तोवर कोणीच काढून पाहिला नव्हता. १,२०० कर्ज वर्षभर आपल्याकडे असतं, हेच मुळात खोटं आहे. पहिल्या महिन्यात १,२०० असतात, पुढच्या महिन्यात ते कमी होतात, शेवटच्या महिन्यात जेमतेम १०० उरतात. सरासरी ६५०. त्या ६५० वर १४४ व्याज म्हणजे शेकडा २२ च्या आसपास. हे झालं ढोबळ. बिनचूक दर काढायचा तर समीकरण सरळ सुटत नाही, चाचपडतच जावं लागतं. घटत्या शिलकीवर २० टक्के धरला तर हप्ता १११.१६ येतो, २२ टक्के धरला तर ११२.३१. आपला ११२ मधे कुठेतरी. प्रमाणाने काढलं, २१.४६ आला. सूत्र आणि त्यातला अज्ञात दर यांच्यातली ही झटापट आम्ही आधी हाताने आणि मग संगणकावर केली. पण हाताने केली तेव्हाच ती कळली, असं माझं ठाम मत आहे. संगणक उत्तर देतो तेव्हा तुम्ही प्रश्न विसरलेले असता.

आम्ही मागणी केली की दर १२ च राहू दे, पण घटत्या शिलकीवर आणि मुदत दोन वर्षं. हप्ता ५६.४९ आला, सहा महिन्यांचे ३३८.९३. रोकडीचा बिंदू १५७ पुस्तकांवर आला, म्हणजे १८० च्या मागणीत बसला. मॅडमनी कर्ज मंजूर केलं, वर 'मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं, ते मांडलं नाहीत' म्हणून दोन गुण कापले. ते बरोबरच होतं.

पुढे माझी नोकरी कर्जाशी संबंधितच लागली. समोरचा माणूस शंभरातून नव्वद वेळा एकच विचारतो, "हप्ता किती?" त्याला मी कधीकधी तेव्हाचा एक तक्ता काढून दाखवते. १,००,००० चं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं. महिना हप्ता ८९९.७३. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम दीडशे. निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षं लागतात, उरलेलं निम्मं सहा वर्षांत फिटतं. हे ऐकून लोक माझ्याकडे असं बघतात जणू मीच ते समीकरण बनवलंय.

दुसऱ्या गटांचे धंदे इथे लिहीत बसले तर स्मरणिकेचा अंक फुगेल. एक मात्र सांगते. एका गटाने दर सत्राला ३६ टक्के वाढ दाखवली आणि ७२ च्या नियमाने दोन सत्रांत दुप्पट होणार म्हणून जाहीर केलं. ७२ भागिले दर म्हणजे दुप्पट व्हायला लागणारा काळ, हा नियम इटालियन गणिती लुका पाचोलीच्या १४९४ च्या ग्रंथातही सापडतो. पण तो लहान दरांचा नियम आहे. १.३६ चा वर्ग केला तर १.८५ येतो, दोन नाही. मॅडमचा त्याहून मोठा आक्षेप होता तो अर्थात ३६ या आकड्याच्या 'कुठून?'वर. तिथे त्या मुलांनी प्रामाणिकपणे 'उत्साह' असं लिहिलं होतं.

एकटीने हा प्रकल्प केला असता तर बाकी सगळं जमलं असतं, रोकड वही मात्र कोणी माझ्यासमोर धरली नसती. गटात काम वाटून घ्यायला मिळतं हा फायदा मला कधीच फारसा दिसला नाही. उलट काम वाढतं, निरोप धाडावे लागतात, एकजण आजारी पडतो, दुसऱ्याला ऐनवेळी आठवतं की आलेख आपल्याकडे होता. पण स्वतःचा आकडा माणसाला खराच वाटतो. तो दुसऱ्याच्या रकान्यात जाऊन पडला की तिथे प्रश्न विचारला जातो.

शेवटचं भांडण गुणांचं. गटाला मिळतील त्याच्या पाचपट गुण एकत्र द्यायचे आणि ते आपसांत आम्ही वाटायचे, असं मॅडमनी ठरवलं होतं. शाळेतलं भागीदारीचं गणित आठवा: ज्याचं भांडवल जितकं आणि मुदत जितकी, त्या गुणाकाराच्या प्रमाणात नफा. पण इथे भांडवल कशाला म्हणायचं? रात्रभर तक्ते करणाऱ्याचे तास, की पाच मिनिटांत अनामतीवर काट मारणाऱ्याचं डोकं? रोकड वहीवाल्याने स्वतःसाठी एक गुणही जास्त मागितला नाही. त्यामुळे वाद आणखी चिघळला, कारण बाकी चौघांना तो द्यायचा होता आणि कोणाच्या वाट्यातून द्यायचा ते ठरत नव्हतं.

गटातल्या एकाने ग्रंथालयातून शॅप्ली मूल्य शोधून आणलं. अमेरिकन गणिती लॉइड शॅप्लीने १९५३ मध्ये मांडलेली ही वाटणीची रीत: माणसं गटात एकामागून एक येताहेत असं समजायचं, प्रत्येकाच्या येण्याने गटाची किंमत कितीने वाढते ते मोजायचं आणि येण्याच्या सगळ्या क्रमांवर त्याची सरासरी घ्यायची. पाच जणांचे क्रम १२०. आम्ही हरखलो. भांडणाचं उत्तर गणितातच होतं! दोन संध्याकाळ बसून तक्ता केला, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत गुण काढले आणि मॅडमसमोर ठेवले.

मॅडमनी तो बराच वेळ वाचला. चष्मा वर केला. "रीत बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण याला प्रत्येक उपगटाची किंमत लागते. पाच जणांचे रिकामा सोडून ३१ उपगट. हे ३१ आकडे कुठून?"

पाचही जणांचा मिळून एक आकडा मॅडमच्या हातात होता. उरलेले ३० आम्ही आदल्या संध्याकाळी चहाशिवाय आणि भांडत बसून ठरवले होते. रकान्यात ओळीने तीस वेळा 'अंदाज' लिहिलं आणि तक्ता परत दिला. गुण मग सारखे वाटले गेले. रोकड वहीवाल्याला दोन जास्त मिळाले, ते बोलक्या मुलीने आपल्यातून दिले, आणि 'कुठून?'च्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं.