नदीतले किडे, अपडेट ४ : धरणाखालचे दगड

मागच्या वेळी लिहिलं होतं ना की धरणाच्या खाली किडे कमीच मिळणार, पैज लावतो म्हणून. हरलो. पायथ्याखालचा पहिलाच दगड उचलला तर शेवाळाचा जाड थर आणि त्यावर ब्लॅकफ्लायच्या (चावऱ्या बारीक काळ्या माशीच्या) अळ्या इतक्या खेटून की दगड दिसेना, जोडीला जाळी विणणारे कॅडिस (पतंगासारख्या किड्याच्या अळ्या). मी खूश. पण पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून निवडायला बसलो तेव्हा लक्षात आलं, गर्दी भरपूर पण प्रकार मोजून चार-पाच. वर जंगलातल्या ओढ्यात तेवढेच वीस दगड उचलले की स्टोनफ्लाय (वाहत्या स्वच्छ पाण्यात वाढणारा किडा), चपट्या मेफ्लायची पिल्लं, वाळूचं घर करणारे कॅडिस, वॉटर पेनी (नाण्यासारखी चपटी भुंगेऱ्याची अळी), सगळं थोडं थोडं येतं.

म्हणजे इतके दिवस मी नुसती डोकी मोजत होतो, तेच चुकत होतं.

कारण तसं सरळ आहे, वरच्या ओढ्यात सगळं पोट काठच्या झाडांच्या पानांवर चालतं म्हणून पानं कुरतडणारे जास्त, आणि ती पानं, वाळू, गोटे सगळं धरणात अडकून बसतं. खाली येतं ते जलाशयात वाढलेलं प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मग पाणी गाळून खाणाऱ्यांची चंगळच. १९८० च्या रिव्हर कंटिन्युअम कल्पनेत नदी उगमापासून मुखापर्यंत हळूहळू बदलते असं धरलंय, १९८३ मध्ये वॉर्ड आणि स्टॅनफर्ड हे नदीचे अभ्यासक म्हणाले की धरण ही साखळी मध्येच तोडतं, आणि खाली जाऊ तशी ती परत जुळत जाते. त्यात पाणी तळाच्या दारातून सोडत असतील तर उन्हाळ्यात खालची नदी गारठलेली आणि थंडीत उलट कोमट, ज्या किड्यांचं पंख फुटायचं वेळापत्रक पाण्याच्या तापमानावर चालतं त्यांनी करायचं काय?

सगळ्यात भारी वाटलं ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचं. तिथे विजेच्या मागणीप्रमाणे पाणी रोज चढतं उतरतं, आणि बरेच किडे अंडी घालतात अगदी काठाशी, पाणी उतरलं की सुकून गेली. म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार पाणी कमी आणि स्थिर ठेवून बघितलं, म्हणजे तेव्हा घातलेली अंडी नंतर बुडालेलीच राहतात. आणि त्या नदीवरचे किडे गोळा करणाऱ्यांत बोटीवरचे गाइडसुद्धा आहेत, रात्री काठावर डबा ठेवून त्यावर दिवा लावतात, बस. आपल्यालाही जमेल की!

(धरणाखाली उतरताना विसर्गाची वेळ आधी विचाराच, मी एकदा गुडघाभर पाण्यात ट्रे सोडून पळालोय.)

पुढची जागा ठरलीये, खाली जिथे धरण नसलेला एक मोकळा ओढा येऊन मिळतो तिथे, संगमाच्या आधी दहा दगड आणि नंतर दहा. स्टोनफ्लाय परत दिसतात का ते बघायचंय. पैज यावेळी नको.